गर्भारपण, हाडं आणि दुपारचं ऊन

१९२२ साली इंग्लंडच्या 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मुडदुसावर एक मोठा लेख छापून आला. लेखक हचिसन आणि शहा. मासिक विलायती असलं, तरी लेखातले रुग्ण आपल्या नाशिक भागातले होते. मुडदूस म्हणजे गरिबाघरच्या पोरांचा रोग, असं तेव्हा युरोपात सर्वसाधारण मत होतं. लंडन, ग्लासगो, व्हिएन्नाच्या धुरकट गल्ल्यांमधली, अर्धपोटी वाढणारी, पाय वाकलेली मुलं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असत. नाशिकमध्ये मात्र गणित नेमकं उलटं निघालं. दिवसभर शेतात राबणाऱ्या, जाडीभरडी भाकरी खाणाऱ्या गरीब घरांत मुडदूस जवळपास नव्हताच. तो होता खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती घरं हिंदू असोत की मुसलमान. ताटात दूधतूप होतं, अंगावर ऊन मात्र नव्हतं.

मुलांचे पाय वाकतात ते चारचौघांना दिसतं. मुलीच्या कमरेचा हाडांचा सांगाडा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पेल्व्हिस, आतल्या आत चपटतो किंवा दबतो, ते कुणाला दिसत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी पडद्यात जायची ती नेमकी हाडं झपाट्यानं वाढण्याच्या वयात. चुना कमी पडलेली मऊ हाडं शरीराच्या भारानं हळूहळू आकार बदलत. पुढे लग्न, गर्भारपण, आणि बाळंतपणाच्या दिवशी बाई अडायची. बाळाचं डोकं बाहेर यायला वाटच नसायची. सुईण दोन-दोन दिवस झटायची, आणि शेवटी मूल तरी जायचं, आई तरी, किंवा दोघंही. 'अडलेली बाई' हे शब्द घराघरात धसका देणारे होते. त्या अडण्यामागे कधीकधी वीस वर्षांचा अंधार असे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार!

ते ध्यानात आलेल्यांपैकी एक होत्या कॅथलीन वॉन. या ब्रिटिश डॉक्टर काश्मीरमध्ये बायकांवर उपचार करत होत्या. श्रीनगरच्या उच्चभ्रू, पडद्यातल्या बायकांमध्ये त्यांना ऑस्टिओमलेशिया, म्हणजे प्रौढ वयात हाडं मऊ पडण्याचा रोग, वारंवार दिसे. चालताना डुलणाऱ्या, जिना चढू न शकणाऱ्या, बाळंतपणात अडणाऱ्या बायका. आणि त्याच शहरात, झेलमच्या पाण्यावर नावा हाकणाऱ्या हांजी समाजाच्या बायका सहज बाळंत होत. त्या काही सुखवस्तू नव्हत्या, पण उन्हात होत्या. पडदा आणि मातृत्व यांवर वॉन यांनी १९२८ मध्ये पुस्तिकाच लिहिली. तिच्यातल्या काही ठाम विधानांवर आज वाद घालता येईल, पण मूळ निरीक्षण खरं होतं. साधारण याच काळात बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात जे. प्रेस्टन मॅक्सवेल हे प्रसूतितज्ज्ञ उत्तर चीनमधल्या अशाच बायकांवर उपचार करत होते. त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आईची हाडं पुरेशी मऊ पडलेली असतील, तर बाळ पोटातूनच मुडदूस घेऊन येऊ शकतं.

हा इतिहास इतक्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. आज गर्भारपणात ड जीवनसत्त्वाचा विषय निघाला की चर्चा सुरू होते ती रक्तदाब, मधुमेह, बाळाचा दमा, बुद्ध्यांक अशा दूरदूरच्या गोष्टींची. हाडं आणि कॅल्शियम मागे पडतात. आणि पुराव्याच्या बाजूनं पाहिलं तर खणखणीत नाणं तेवढंच आहे.

हे जीवनसत्त्व सापडलं कसं, तेही थोडक्यात पाहू. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला आणि मुलं बरी झाली. गंमत अशी, की प्रकाश एकाच हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून येई. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सगळीकडे फिरत होतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलान्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉडलिव्हर तेलानं मुडदूस टळतो असं दाखवलं. त्या तेलातला गुणकारी घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा आहे हे अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केलं, आणि ए, बी, सी आधीच वाटून झालेले असल्यामुळे त्याच्या वाट्याला डी आला. उन्हातली गोष्ट आणि माशाच्या तेलातली गोष्ट मुळात एकच निघाली. या कुळातल्या रसायनांची उकल करणारे आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरं तर याला जीवनसत्त्व म्हणणंही सोयीपुरतंच आहे, कारण शरीर ते स्वतः बनवतं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला एक पदार्थ असतो. उन्हातले यूव्हीबी नावाचे किरण पडले की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. ते यकृतात जातं आणि तिथे त्याचं एक साठवणीचं रूप तयार होतं. आपण रक्त तपासतो तेव्हा मोजलं जातं ते हेच रूप. पुढे मूत्रपिंडात त्याचं कामाचं रूप बनतं, त्याचं नाव कॅल्सिट्रिऑल. ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. हे नसेल तर ताटात नाचणी असो की दूध, त्यातलं फारच थोडं कॅल्शियम अंगी लागतं.

गर्भारपणात ही सगळी यंत्रणा वेगळ्याच वेगानं चालू लागते. पहिल्या तीन महिन्यांतच आईच्या रक्तातलं कॅल्सिट्रिऑल वाढायला लागतं आणि पुढे दुप्पट-तिप्पट होतं. या कामात मूत्रपिंडाच्या जोडीला वारही असते, कारण तिच्यातही हे रूप घडवण्याची सोय आहे. आतडं एरवीच्या दुप्पट कॅल्शियम शोषू लागतं. हा खटाटोप कशासाठी? नऊ महिने भरलेल्या बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातलं बहुतेक, जवळजवळ ८० टक्के, शेवटच्या तीन महिन्यांत जमा होतं. शरीर घाईला आलेलं नसतं. ते आधीपासून तयारी करत असतं.

बाळाला स्वतःचं ऊन नाही. त्याचा ड जीवनसत्त्वाचा सगळा साठा वारेतून, आईच्या रक्तातून येतो, आणि नाळेतल्या रक्तात तो आईपेक्षा कमीच भरतो. आईकडे थोडं असेल तर बाळाकडे त्याहून थोडं. कॅल्शियमचं तसं नाही. वार ते जोर लावून बाळाकडे ढकलत राहते. आईच्या आहारातून आणि आतड्यातून ते पुरेसं येत नसेल तर आईच्या हाडांतून काढलं जातं. म्हणून आई ड जीवनसत्त्वात बरीच कमी असली तरी बाळं बहुतेकदा धडधाकट दिसतात, आणि झीज आईच्या वाट्याला येते.

ती झीज आपल्याकडे लपून राहते, कारण तिची लक्षणं गर्भारपणाच्या नावावर खपतात. कंबर दुखते, मांड्या भरून येतात, जांघेत कळ येते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना पाय उचलत नाही. "या दिवसांत व्हायचंच," असं सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पोट वाढल्यावर कंबर दुखणारच. पण मांड्यांच्या आणि कमरेच्या स्नायूंमध्ये खरोखरचा अशक्तपणा असेल, बसून उठताच येत नसेल, हाडांवर दाबलं की दुखत असेल, तर त्याला 'व्हायचंच' म्हणून सोडून देऊ नये. एका बाळंतपणातून सावरायच्या आत दुसरं, आणि मध्ये वर्ष-दीड वर्ष अंगावरचं दूध, असं चक्र असलेल्या बाईत तर नाहीच नाही.

आता आकडे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये २०७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ठरवलेल्या रेषेखाली, म्हणजे मिलिलिटरमागे २२.५ नॅनोग्रॅमच्या खाली, ८४ टक्के बायका होत्या. सरासरी होती १४, आणि नाळेच्या रक्तात तर ८.४. १४ टक्के बायकांमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांवर ताण आल्याची खूण सांगणारं द्रव्यही वाढलेलं होतं. यातला माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा आकडा निराळाच आहे. शहरी बायकांत कमतरता ८४.३ टक्के, खेड्यातल्या बायकांत ८३.६. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. 'खेड्यात ऊन भरपूर, तिथे कसली कमतरता' हा आपला समज एका ओळीत मोडीत निघतो. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात ५५९ गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ६६ टक्के बायका २० नॅनोग्रॅमच्या खाली होत्या. आणि मुंबईच्या निरोगी तरुण स्त्री-पुरुषांच्या, म्हणजे गर्भवती नसलेल्यांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीतही ७० टक्क्यांच्या आसपास लोक त्याच रेषेखाली निघाले.

उन्हाच्या देशात हे असं का? पहिलं कारण, आपण ज्या उन्हाला पौष्टिक समजतो ते या कामाचं नाही. कोवळं ऊन. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचं, पोटुशीनं सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात फेऱ्या मारायच्या. त्यानं बरं वाटतं, चालणं होतं, मन प्रसन्न होतं, सगळं खरं. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबून येतात आणि यूव्हीबी वाटेतच ओझोनमध्ये अडकतात. त्वचेवर पोचतं ते मुख्यतः यूव्हीए, आणि त्यानं ड जीवनसत्त्व बनत नाही. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात ड जीवनसत्त्वाचं काम नगण्य. ती उंचीपेक्षा आखूड झाली की काम सुरू. पुण्यात डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही मध्यान्हीला सूर्य साधारण ४८ अंश चढतो, म्हणजे बाराही महिने दुपारी सावली आखूडच असते. लंडनमध्ये त्या दिवशी तो जेमतेम १५ अंशांवर येतो. तिथे हिवाळ्याचे काही महिने कितीही वेळ उघड्यावर उभं राहिलं तरी त्वचा काहीच बनवू शकत नाही. आपल्याकडे ऊन बारमाही आहे, फक्त ते अकरा ते दोनच्या दरम्यानचं आहे, आणि त्याच वेळी आपण सावली शोधतो.

शोधतो ते योग्यच म्हणायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात सात-आठ महिन्यांच्या गर्भवतीला दुपारी बाराला अंगणात उभं राहा असं कोण सांगेल? शिवाय गर्भारपणात चेहऱ्यावर वांग येतात आणि उन्हानं ते गडद होतात, म्हणून बायका तोंड झाकतात. दुचाकीवर निघालेल्या मुलीचा तो डोळे सोडून सगळं बांधणारा स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे महाराष्ट्राच्या कुठल्याही शहरात दिसतात. शेतात खुरपणारी बाई उन्हात असते खरी, पण डोक्यावर पदर, वर पुरुषी सदरा, पायघोळ लुगडं; उन्हाला मिळतो चेहरा आणि पंजे. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन यूव्हीबी अडवतं, त्यामुळे गोऱ्या कातडीला पुरणारा वेळ आपल्याला पुरत नाही. फ्लॅटच्या खिडकीची बंद काच यूव्हीबी जवळपास पूर्ण रोखते. काचेआडून येणारं ऊन अंग तापवतं, बाकी काही नाही. आणि शहराची हवा? दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वाहनांच्या धुरानं भरलेल्या मोरी गेट भागातली तान्ही-रांगती मुलं आणि तुलनेनं स्वच्छ हवेच्या गुडगावातली मुलं यांची रक्तं तपासली. मोरी गेटच्या मुलांची सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, गुडगावची २७.१. धुळीनं भरलेलं आकाश ऊन गाळूनच पाठवतं.

अन्नाकडे वळावं तर तिथे फारसं काही नाही, आणि शाकाहारी घरात तर अगदीच नाही. चरबीदार मासे, अंड्याचा पिवळा बलक, उन्हात ठेवलेली अळंबी, एवढीच यादी. कोकणातला बांगडा आणि तारली या बाबतीत खरोखर गुणाचे. पण ते रोज खाणारी घरं किनाऱ्यापुरती. साध्या दुधात ड जीवनसत्त्व नाममात्र असतं. आता 'प्लस एफ'चं निळं चिन्ह असलेल्या पिशवीतल्या दुधात ते घालतात. नियमाप्रमाणे लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० एकक. पेलाभर दुधातून ४० ते ६० एकक मिळाले असं समजायचं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०२० मध्ये गर्भवतीसाठी सांगितलेली रोजची मात्रा ६०० एकक आहे. यावरून हिशेब करता येईल. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, नाचणीचं सत्त्व, तीळ हे कॅल्शियम, लोह आणि ताकदीसाठी चांगलेच आहेत, पण त्यांत ड जीवनसत्त्व शोधू नये.

इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे: कमतरता आहे, कारणं ठाऊक आहेत. गुंता पुढे होतो. २०००नंतर जगभर शेकडो निरीक्षणं छापून आली, की ज्या गर्भवतींमध्ये ड जीवनसत्त्व कमी त्यांच्यात प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणातला घातक रक्तदाब जास्त, गर्भारपणातला मधुमेह जास्त, कमी दिवसांची आणि कमी वजनाची बाळं जास्त. वर्तमानपत्रांना आणि औषध कंपन्यांना हे आवडणारंच. पण ड जीवनसत्त्व कमी असलेली बाई म्हणजे बहुतेकदा घरात बसणारी, वजन जास्त असलेली, किंवा आधीच आजारी, किंवा गरीब बाई. वजन जास्त असेल तर हे जीवनसत्त्व चरबीत मुरतं आणि रक्तात कमी दिसतं; मधुमेह आणि रक्तदाब वाढवायला वजन स्वतःच पुरेसं असतं. दोष कुणाचा आणि दिसतं कुणाच्या नावावर! म्हैसूरच्या त्या अभ्यासात तर ६६ टक्के बायका कमी असूनही ड जीवनसत्त्वाचा ना मधुमेहाशी संबंध लागला, ना बाळाच्या वजन-लांबीशी.

असे प्रश्न सुटतात ते प्रयोगानं. काहींना गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. त्यातला आपल्याला सर्वांत जवळचा प्रयोग ढाक्याचा. डॅनियल रॉथ आणि सहकाऱ्यांनी १,३०० गर्भवतींना पाच गटांत वाटून काहींना आठवड्याला ४,२००, काहींना १६,८००, काहींना २८,००० एकक दिले. बायका आपल्यासारख्याच, त्वचा आपल्यासारखी, आणि बहुतेकींच्या रक्तात सुरुवातीला कमतरता. ठाशीव फायदा दिसायचा तर तो इथेच दिसायला हवा होता. गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातली पातळी छान वाढली. पण वर्षाच्या वाढदिवसाला बाळांची लांबी मोजली तर सगळे गट सारखेच. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं आणि बऱ्याच अपेक्षा खाली आल्या. इंग्लंडमधल्या 'मॅव्हिडॉस' प्रयोगात ११०० हून जास्त बायकांना रोज १,००० एकक किंवा पोकळ गोळी दिली. एकूण बाळांच्या हाडांत जन्मतः फरक नव्हता. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत मात्र होता, आणि पुढे चौथ्या वर्षी तपासलेल्या मुलांच्या हाडांची घनताही गोळी घेणाऱ्या आयांच्या बाजूनं झुकली. पुन्हा हाडंच!

मग रक्तदाब आणि मधुमेहाचं काय? सगळे प्रयोग एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये ३० प्रयोगांवरून सांगितलं होतं, की दोन्हींचा धोका बहुधा कमी होतो. २०२४ मध्ये त्यांनी प्रयोगांच्या विश्वासार्हतेची कडक चाळणी लावली तेव्हा आधीच्यातले २१ प्रयोग गळाले. उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष असा, की खात्रीनं काही सांगता येत नाही. माझं मत या बाबतीत साधं आहे. ड जीवनसत्त्वानं गर्भारपणातला रक्तदाब टळतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे थोडं सावधपणे पाहावं. कॅल्शियमची बाजू मात्र जास्त भक्कम आहे. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांना ते दिलं तर प्री-एक्लॅम्पसिया कमी होतो, हे जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं सांगत आली आहे. किती द्यायचं यावर बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० बायकांवर प्रयोग झाले, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्री-एक्लॅम्पसियाच्या बाबतीत रोज ५०० मिलिग्रॅम ही मात्रा १,५०० पेक्षा उणी ठरली नाही.

पण मग ड जीवनसत्त्व सोडून द्यायचं का? मुळीच नाही. १९८० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं लंडनमधल्या १२६ आशियाई गर्भवतींवरचा प्रयोग छापला. शेवटच्या तीन महिन्यांत काहींना रोज १,००० एकक, बाकीच्यांना पोकळ गोळी. गोळी न मिळालेल्या आयांच्या पाच बाळांना कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं दिसली. औषध घेतलेल्यांच्या एकाही बाळाला नाही. गोळी न मिळालेल्या आयांच्या बाळांची टाळूही जास्त मोठी होती, म्हणजे कवटीची हाडं मागे पडली होती. तान्ह्या बाळाचं कॅल्शियम उतरलं की हातपाय थरथरतात, आकडी येते. आणि क्वचित हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये असं हृदय निकामी होत आलेल्या १६ तान्ह्या बाळांची हकिकत लिहिली. ती सगळी सावळ्या-काळ्या त्वचेच्या घरांतली, भारतीय उपखंडातल्या किंवा कृष्णवर्णीय कुटुंबांतली होती. परदेशात, विशेषतः उत्तरेकडच्या देशांत, बाळंतपणासाठी असलेल्या आपल्या मुलींनी एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ब्रिटनमध्ये तर प्रत्येक गर्भवतीला रोज ४०० एकक घ्यायला सरकारच सांगतं.

मात्रेवर जगात एकमत नाही हेही खरं. जागतिक आरोग्य संघटना सरसकट गोळी द्यायला सांगत नाही. कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० एकक म्हणते. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४ मध्ये गर्भवतींना सरसकट द्यावं असं सुचवलं, आणि त्याच दमात नेहमीची रक्ततपासणी करू नये असंही. आपल्या सरकारनं २०१४ पासून वेगळाच, आणि मला वाटतं शहाणा, मार्ग धरला आहे. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसातून दोन गोळ्या; प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक ड जीवनसत्त्व. म्हणजे आशाताई किंवा उपकेंद्रातली नर्स ज्या पांढऱ्या गोळ्या देते, त्या नेमानं घेतल्या तर रोजचे ५०० एकक गुपचूप मिळून जातात, तेही कॅल्शियमच्या जोडीनं. अडचण इतकीच, की त्या गोळ्या मोठ्या असतात, घशाशी येतात, आणि पुष्कळ घरांत फडताळातच राहतात.

त्या घेण्याची रीत मात्र नीट पाळायला हवी. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही. लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाला कॅल्शियम, आणि लोह मधल्या वेळी, असं बसवलं की चुकत नाही.

खासगी दवाखान्यांत चित्र निराळं आहे. तिथे हजार-दीड हजाराची रक्ततपासणी, आकडा लाल, आणि हातात ६०,००० एककांच्या पुड्या. आठवड्याला एक, इतके आठवडे, असं डॉक्टर लिहून देतात आणि खरी कमतरता असेल तर ते बरोबरही असतं. गडबड होते ती पुढे. पुडी संपली की औषधाच्या दुकानातून पुन्हा आणली जाते, 'आठवड्याला'चं 'रोज' होतं, बहिणीला दिली जाते, आणि काही ठिकाणी वर सहा लाखांचं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, गुंगी, मूत्रपिंडाला इजा. गर्भारपणात यातली पहिली तिन्ही लक्षणं एरवीही असतातच, त्यामुळे शंकाही येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटननं बाळांच्या दुधाच्या भुकटीत आणि इतर पदार्थांत हे जीवनसत्त्व सढळ हातानं घातलं, तेव्हा १९५०च्या दशकात तिथे बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याचे रुग्ण दिसू लागले आणि सरकारला मात्रा कमी करावी लागली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं रोज ४,००० एकक ही वरची मर्यादा सांगितली आहे. साउथ कॅरोलिनात हॉलिस आणि वॅग्नर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गर्भवतींना रोज एवढी मात्रा दिली तेव्हा अपाय दिसला नाही. पण ती देखरेखीखालची रोजची मात्रा होती, आपल्या मनानं ठरवलेली नव्हे. किडनीस्टोन, मूत्रपिंडाचा आजार किंवा सार्कॉइडोसिससारखा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

बाळंतपण झाल्यावर हा विषय संपला असं आपण मानतो. आणि मग येतो सव्वा महिन्याचा काळ. खिडक्या बंद, दाराला पडदा, शेक-शेगडी, धुरी, कानाला फडकं. वाऱ्यापासून जपण्यामागची माया समजण्यासारखी आहे, पण ज्या बाईच्या हाडांतून बाळाला कॅल्शियम गेलेलं असतं, आणि आता दुधातून रोज जाणार असतं, तिच्या वाट्याला त्या काळात ऊन अजिबात येत नाही. म्हणून सरकारी गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने सांगितल्या आहेत, आणि नेमक्या त्याच काळात त्या बंद होतात.

बाळाचा हिशेब वेगळा. आईचं दूध बाकी सगळ्या बाबतीत परिपूर्ण असलं तरी त्यात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं, आई धडधाकट असली तरी. कोवळ्या उन्हावर इथेही विसंबता येत नाही, आणि दुपारच्या उन्हात तान्ह्याला धरणं बरं नव्हे. म्हणून भारतीय बालरोग अकादमी पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० एकक थेंबांतून द्यायला सांगते. थेंबांच्या बाटल्या बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरमध्ये ४०० एकक, तर दुसरीत ८००. बाटली बदलली की ड्रॉपरवरची खूण पुन्हा वाचायची, आणि लेबलावरचा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवूनच पहिला थेंब द्यायचा.